शिफारसपत्र

फॉर्ममध्ये चौकोन आहे:
विद्यार्थ्याचे नेतृत्वगुण, शब्दमर्यादा शंभर.
अर्ज भोपाळचा, आर्किटेक्चरला. मुदत आज रात्री बारा.
बाहेर हॉलमध्ये तिसऱ्या अंकाची तालीम,
आणि राजा अजून पोहे-जिलबी खातोय.

मुफद्दल, तुझ्याबद्दल काय लिहू?
भूमिका: नाही. तीन वर्षं पडदा ओढलास.
सियागंजातल्या वडिलांच्या दुकानातून
दोर आणलास, कप्पी आणलीस,
बिल मागितलं तर हसलास.
मराठी शिकलास ती विंगेत उभं राहून,
म्हणून अजूनही कँटीनवाल्याला म्हणतोस,
एक कट चाय सादर व्हावी.

गेल्या डिसेंबरात मृण्मयी कारखानीस
ऐन स्वगतात अडली.
प्रॉम्प्टरची दोन पानं चिकटलेली.
कोणीतरी खोकलं, मग सगळी रांग खोकली.
मी तुला खूण केली: पाड.
तू गाठ सोडलीस,
पण दोर सोडला नाहीस.
सगळा पडदा दोन हातांवर तोलून
माझ्याकडे न बघता उभा राहिलास
ती पुन्हा बोलेपर्यंत.
किती वेळ, कोण जाणे.
दुसऱ्या दिवशी गणिताच्या पेपरला
तुला पेन धरता येत नव्हतं.

पहिला शब्द मी लिहिला, आज्ञाधारक.
खोडला.
बाकीचे नव्व्याण्णव सुचेनात.

तेवढ्यात विंगेतून तुझी हाक,
"बाई, घेऊ का वर?"

आता विचारतोस होय!