कॉफीच्या डब्यातल्या तीन रिंगा

नॉरफोकच्या गोदामात रात्रपाळीला
मी असते आणि तेवीस हजार खण असतात.
प्रत्येक खणाला नंबर आहे. माझ्या बिल्ल्यालाही.
बाहेर खाडीवर धुकं बसतं,
आत ट्यूबलाइट गुणगुणते
आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्यांसारखी,
सूर सोडून, पण मनापासून.

पहाटे दोन चाळीसला मागणी आली.
जहाजाचं नाव मी बोलत नाही, सवय नाही.
एक लाख टनांचं धूड, पोटात दोन अणुभट्ट्या,
एकदा पेटल्या की पंचवीस वर्षं
तेलासाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको.
पाच हजार माणसं तिथे जेवतात, घोरतात, दाढ्या करतात,
समुद्र गोडा करून पितात.
आणि त्याला हवी होती
पंपाची एक रिंग.
माझ्या लग्नाच्या अंगठीहून जराशी मोठी.

खण ओढला.
तळाला तेलाचा गोल डाग होता,
रिंगेएवढाच.
स्क्रीनवर लिहिलेलं: शिल्लक शून्य. उत्पादक बंद.

जहाज तोवर उरलेल्या पंपांवर चाललं,
आणि मी सुट्टी टाकून दहा तास गाडी हाकत
ईरीला गेले, जिथे एडमंड वोयनार
गॅरेजमागच्या शेडमध्ये रिंगा कातायचा.
तो गेला त्याला सहा वर्षं झाली.
हलिनाने दार उघडलं, हाताला पीठ.
तळघरात लेथवर टेबलक्लॉथ घातलेला,
भोवती फिकट चेरींची नक्षी.
फळीवरून तिने कॉफीचा डबा काढला.
"नऊ मागितल्या की बारा करायचा," म्हणाली.
तेलकट वर्तमानपत्रात तीन रिंगा,
काल उतरवल्यासारख्या लखलखीत.

मला विचारावं लागलं: दाखला?
धातू कुठल्या भट्टीचा, कुठल्या दिवशी ओतला,
कोणी मोजला, कोणाची सही?
तिने त्याची वही आणली. पेन्सिलीचं अक्षर.
*बर्फ काढायला भावाला चाळीस डॉलर.*
*हलिनाची दाढ.*
*रिंगा, बारा. चांगल्या झाल्या.*
मी पानं पुढे-मागे केली.
भट्टीचा नंबर कुठेच नव्हता.
"त्याने मोजल्या असणार," ती म्हणाली, "तो मोजायचाच."
माझा विश्वास होता.
पण अणुभट्टीच्या बाजूला
विश्वासाचा रकाना नसतो.

तिने कोबीचे पिएरोगी वाढले.
मी दोनदा घेतले. दुसरं काय करणार होते?

शेवटी न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत
दुसरं जहाज पोट फाडून पडलं होतं,
भट्टीत नवं इंधन भरून घेत.
पोरं आत उतरली, त्याची रिंग काढली.
ट्रक, विमान, मग ते दुसरं छोटं विमान
जे डेकवर हूक टाकून
दोन-अडीच सेकंदांत सगळा वेग गिळतं
आणि आतल्यांच्या तोंडी कालचं जेवण आणतं.
त्या विमानात एक लिफाफा, लिफाफ्यात रिंग,
रिंगेपेक्षा जड तिचे कागद.
चौथ्या दिवशी एका शब्दाचा निरोप: बसली.

मी नोंद केली: इथून काढली, तिथे लावली.
आता गोदीतलं जहाज रांगेत आहे.
त्याची मागणी याच खणावर येईल.
डाग मी पुसलेला नाही.

निघताना हलिनाने एक रिंग
माझ्या कोटाच्या खिशात टाकली होती.
ती टेबलावर असते, बिलं उडू नयेत म्हणून.
परवा तपासणीतल्या डेशॉनला
चहा होईपर्यंत वेळ होता, त्याने मोजली.
मायक्रोमीटर परत शून्यावर आणला,
पुन्हा मोजली. शिट्टी वाजवली.
हे कुठे लिहायचं म्हणून
मी फॉर्मांचं कपाट उघडलं.
एकशे चौदा प्रकारचे फॉर्म आहेत आमच्याकडे.

मग ईरीला फोन लावला, सांगितलं.
पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.
"हं," हलिना म्हणाली.
आणि थोड्या वेळाने:
"लेथ विकायचाय. तुमच्यात कुणी घेईल का?"