तिसऱ्या अंकातलं खापर

दिवसा मी शिरोलीत, फौंड्रीत.
वाळूचे साचे, त्यात ओतायचं लालभडक बीड.
शिफ्ट सुटली की अंगाला तोच काळा वास घेऊन
तालमीला.
कुस्तीच्या नव्हे, नाटकाच्या.
आमच्या गावात हे दरवेळी सांगावं लागतं.

नाटक ब्रह्मपुरीच्या टेकडीचं.
पंचगंगेकाठी खणताना जळक्या घरात
एक खापर सापडतं,
आतल्या अंगाला अंगठ्याचा ठसा.
कुणाचा, ते तिसऱ्या अंकात कळायचं होतं.
हिंदुराव चौगुल्यांनी लिहिलेलं :
विधवा कुंभारीण, लांबच्या जहाजाची वाट बघणारी, वगैरे.
मुमताज अत्तार, आमची शास्त्रज्ञ,
एरवी नववी-दहावीला विज्ञान,
म्हणाली, सर, यंत्र ‘कधी’ ते सांगतं. ‘कोण’ नाही सांगत.
सर म्हणाले, यंत्र स्पर्धेत नंबरही देत नाही.

चहाच्या सुट्टीत, भडंग खाता खाता
तिनं मला समजावलं.
मातीत वाळूचे कण असतात.
भट्टीत तापले की त्यांचं घड्याळ शून्यावर.
मग जमिनीखाली, अंधारात,
आजूबाजूच्या दगडामातीतून जे काही झिरपतं, न दिसणारं,
ते कण साठवत बसतात.
वर्षाला जरासं.
दोन हजार वर्षांनी पुन्हा तापवलं
तर साठलेलं सगळं उजेड होऊन बाहेर पडतं.
एकदाच.
दुसऱ्यांदा नुसती गरम वाळू.

मी म्हणालो, मॅडम,
आमची वाळू तर रोज शून्यावर येते,
ती काय सांगणार?
ती म्हणाली, कालची तारीख.

खापरं बापट कॅम्पातून, गजराबाईंच्या हातची.
जुनी दिसावीत म्हणून चहाच्या चोथ्यात पुरलेली.
रंगीत तालमीला नेमकं मुख्य खापर फुटलं.
रात्रीत दुसरं आलं,
पोत्यात गुंडाळलेलं, अजून कोमट.
कुणी नीट बघितलं नाही.

प्रयोगाला साठ-पासष्ट माणसं.
तीन परीक्षक, त्यातला एक पेंगणारा.
मुमताजनं खापर उचललं, भिंगाखाली धरलं.
वाक्य होतं, “हा ठसा एका बाईचा.”
ती थांबली.
विंगेतून सुबराव कुजबुजला, बाईचा... एका बाईचा...
तिनं आपला अंगठा त्या ठशात ठेवून पाहिला.
मावेना.

“लहान पोर आहे,” ती म्हणाली.
“सहा-सात वर्षांचं.
ओल्या भांड्याला हात लावू नको
असं सांगितलेलं असणार त्याला.”

हिंदुरावांनी कपाळ धरलं.
पुढची दोन पानं गेली,
विधवा गेली, जहाज गेलं.
पेंगणारा सरळ होऊन बसला.

मग माझं काम.
सगळे स्पॉट बंद.
एक बारका बल्ब, त्यावर निळा कागद,
डिमर शून्यापासून दहापर्यंत,
अकरा सेकंदांत, आणि परत शून्य.
तालमीत चाळीसदा केलेलं.
त्या रात्री मी दहावर जरा जास्तच थांबलो,
कारण तिसऱ्या रांगेत
गजराबाईंच्या मांडीवर उभी राहून
एक पोरगी मोठ्यांदा म्हणाली,
“आत्ती, माझा अंगठा हाय त्यो!”

कुणी हसलं नाही.

नंबर आला नाही. उत्तेजनार्थ मिळालं, तेही नेपथ्याला.
खापर त्या पोरीनं मागून नेलं.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट.
साचा बंद करण्याआधी, कुणी बघत नाही असं पाहून,
ओल्या वाळूत मी अंगठा दाबला.
पंपाचं घर होतं ते.
वाळू झाडून काढल्यावर त्याच्या पाठीवर
फुगून वर आलेला, बीडाचा, अंगठा.
तपासणीवाल्यानं खडूनं फुली मारली.
परत भट्टीत.

ढकलगाडीवर टाकताना
हातमोजा काढून एकदा बोट फिरवलं त्यावरून.
अजून ऊन होतं.