दुपारचा आकडा

पहाटे साडेतीनला कार्ड एकशे ऐंशीवर निवांत धावलं.
पडद्यावर तोच जंगलाचा देखावा फिरत राहिला,
पानं हलली, पाणी हललं,
एकही ठिपका चुकीच्या जागी उगवला नाही.
मी वहीत लिहिलं: १८०,
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दुपारी दोनला नंदनवनच्या रस्त्यावर
कुत्रंसुद्धा नव्हतं.
टाकीतलं पाणी नळाला चहाइतकं कढत येत होतं.
तेच जंगल पुन्हा लावलं.
सातव्या मिनिटाला एका झाडाला जांभळी पुळी आली,
मग आभाळ चौकटी-चौकटीनं सुटलं,
मग पडदा काळा,
आणि त्या काळ्यात माझं घामेजलेलं तोंड.

१६५.
१५०.
पंधरा-पंधरानं खाली येताना
बर्डीवर भाव करून करून
शेवटी काहीच न घेता परतल्यासारखं वाटतं.
व्होल्टेज जरा चढवलं, तर तापमान त्र्याऐंशीच्या पुढं.
उतरवलं, तर गडी मटकन बसला.
कूलर टेबलाकडं वळवला,
वाळ्याची ओली हवा कॅबिनेटमध्ये शिरेल म्हणून
धास्तावले, परत खाटेकडं फिरवला.

१३५ वर असताना बाबा जेवून उठले.
इतवारीत चाळीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग केलंय त्यांनी,
बोटांना अजून वॉर्निशचा वास येतो.
"काय सुरू हाय वं सकाळपासून, घों घों?"
म्हटलं, वेग वाढवतेय.
"कंपनीनं देल्ला तो पुरत नाही?"
पुरतो, बाबा.
पण त्याच्यावर थोडा शिल्लक असतो,
दर कार्डात वेगळा,
आणि तो कुठं संपतो
हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

ते हसले नाहीत.
कॅबिनेटच्या पाठीला उलटा तळवा टेकवला
आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागले.
सातावर हात काढला.
"दहा निघाले पाहिजेत.
अन् मोजायचे उन्हाळ्यात.
हिवाळ्यात कोणतीबी मोटर शहाणीच रायते."

१२०.
मध्ये लाइट गेली. आली.
जंगल पुन्हा पहिल्या पानापासून.
चार वाजले. शेजारच्या गोतमारेंनी गच्चीवर पाणी मारलं,
भिंतीला वाफेचा वास सुटला.
पाच वाजले.
मी खुर्चीतच डुलकी काढली, दचकून उठले,
झाडं जागेवर होती.

बाबांनी पुन्हा हात टेकवला.
आठ, नऊ, दहा,
अकरा पण म्हणाले,
बहुतेक माझ्यासाठी.
"राहू दे आता."

राहू दिलं.
कालच्या पानावरचे १८० मात्र खोडले नाहीत.
डिसेंबरात, खिडकीची काच गार पडेल तेव्हा,
बाबा झोपल्यावर
एकदा लावून पाहीन.