थोडा म्हणजे किती

डॉक्टर बाकलीवाल म्हणाले, घ्या, नुकसान तर नाही.
थोडा फरक पडतो असं काही चाचण्यांत दिसलंय,
सगळ्यांना पडतोच असं नाही.
थोडा म्हणजे किती, मी विचारलं.
ते हसले.
एकतीस वर्षं मी वजनमापं खात्यात काढली,
इंदूरभर काटे तपासत फिरलो.
'थोडा' हे माप माझ्या पेटीत कधी नव्हतं.

म्हणून वही केली.
सकाळी पोह्यांनंतर ती विटकरी गोळी,
ओल्या चावीसारख्या वासाची.
रात्री शरयू पंधरा शब्द वाचणार,
मी भांडी विसळून येणार
आणि उरले असतील तेवढे सांगणार.

कंदील. जकात. मुंगूस. पाचर. तहनामा.
पहिल्या रात्री एकूण सहा.
मुंगूस दुसऱ्या दिवशी अंघोळीत आठवलं,
तिथूनच ओरडलो.
ते धरायचं नाही, ती म्हणाली.
बरोबर आहे.

चैत्रात सहा, सात, पुन्हा सहा.
वैशाखात नऊ.
जेठ अर्धा होईतो बारा!
आलेख काढून लेकीला पाठवला,
रामबागेत आपट्यांना दाखवला,
संध्याकाळी त्यांच्याही घरी डबी आली.

काल चष्मा शोधताना
तिच्या शिवणाच्या डब्यात याद्या सापडल्या,
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागे, तारीखवार.
मुंगूस चैत्रातच संपलं होतं.
नंतर ताट, वाटी, पेला.
नंतर सोमवार, मंगळवार, बुधवार.
परवाची: दूध, दही, ताक, लोणी, तूप.

हे सगळं मीच ऐकलं होतं रोज रात्री.
सकाळपर्यंत एकही शब्द टिकला नव्हता,
म्हणून तर कळलं नाही.

सियागंजात एक धन्नालाल होता.
काटा चोख, वजनं शिक्क्याची,
फक्त तोलताना करंगळी पारड्याला टेकायची.
दोनदा दंड केला मी त्याला.
पण तो पारडं स्वतःकडे झुकवायचा.
हिच्यासाठी कलम कुठलं?

याद्या होत्या तशा ठेवल्या, डब्याचं झाकण लावलं.
आज सकाळी गोळी घेतली.
रात्री भांडी पालथी घालून,
हात पुसत तिच्यासमोर बसलो.
दूध, मी म्हणालो.
दही.
आणि मुद्दाम जरा थांबलो.
ती वहीत बघत होती, पेन्सिल तयार,
आणि तिचे ओठ
आवाज न करता हलत होते: ताक.