संडासाजवळची खुर्ची

भिंतीवर पेन्सिलची रेघ नको,
घर सोडताना डिपॉझिट कापतात,
म्हणून निषादची उंची आम्ही फ्रिजवर मोजतो, चुंबकाने.
चुंबक म्हणजे खजुराचं झाड,
फहाहीलच्या सूकमधून पाऊण दिनारला घेतलेलं.
गेल्या रमजानपासून ते झाड
होतं तिथेच आहे.

मला वाटलं, बापावर गेलाय, उशिरा वाढेल.
भात चिवडत बसायचा.
गुडघा दुखतो, फुटबॉल नको म्हणायचा.
तोंड आलंय, तिखट नको म्हणायचा.
मी तोंडाला तूप लावलं, पायाला तेल,
दोन वेगळी दुखणी समजून.

रक्ताचं तो बोललाच नाही.
नऊ वर्षांचं पोर, फ्लश दोनदा ओढायला शिकलं.
आवाज झाकायला नळ सोडायचा
आणि मी बाहेरून ओरडायचे,
पाणी वाया घालवू नकोस, वाळवंटात राहतो आपण!

पोटासाठी आलो होतो इथे.
ह्यांच्या रिफायनरीची ज्योत खिडकीतून दिसते,
रात्रभर जळते, कुणी तिच्याकडे बघत नाही.
डॉक्टर बुथैनांनी स्क्रीनवर आतडं दाखवलं:
लाल, सुजलेलं, स्पर्शाने रक्त येईल असं,
खालून सुरू होऊन वर चढत गेलेलं,
मध्ये बोटभरही जागा न सोडता.
मला ती खिडकीच आठवली.

तुमचं काही चुकलं नाही, म्हणाल्या.
आधी इंग्रजीत, मग हिंदीत,
जी त्या लहानपणी घरच्या आयाकडून शिकल्या होत्या.
मी तरी विचारलंच: मसाला? बर्गर? दूध? इथली हवा?
नाही. माहीत नाही. नाही. माहीत नाही.
त्या नव्या होत्या तेव्हा वर्षाला अशी दोन-तीन मुलं.
आता गुरुवारी खुर्च्या पुरत नाहीत,
कुवेती, मिसरी, मल्याळी, सीरियन,
आणि हा एक सांगलीचा.
का, विचारलं तर त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं,
पुन्हा लावलं.

स्टेरॉइडने गाल फुगले. सासूबाई व्हिडिओवर खूश,
बाळसं धरलं गं पोरानं!
मी हो म्हटलं. बाकीचं पोटात ठेवलं.

आता मला गाव पाठ आहे:
कुठल्या मॉलचं संडास कुठल्या मजल्यावर,
कुठल्या पंपावर किल्ली मागावी लागते,
वर्गापासून किती पावलं.
रात्री चारदा उठतो. जातो, कुंथतो, काहीच होत नाही,
परत येतो, पुन्हा जातो.
मी दाराबाहेर फरशीवर.
नळ सोडू नकोस, म्हणते. मला ऐकू येऊ दे.

क्लिनिकमध्ये संडासाजवळ एकच खुर्ची.
तिच्यासाठी आम्ही पावणेसातला पोचतो.
या गुरुवारी एक नवी मुलगी आली, सहा-सात वर्षांची,
आईच्या अबायाचं टोक मुठीत,
पाय एकमेकांना चिकटवून उभी.
मी पिशवीत रिपोर्ट शोधत होते.
मान वर केली तर खुर्ची मोकळी,
निषाद बाजूला उभा, आणि तिला म्हणतोय
शाळेत शिकलेला एकच शब्द: तफद्दली.

मुलगी बसली. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं.
एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, ते बरंच होतं.
मग त्याने माझं बोट धरलं,
इतकं घट्ट, की मला कळलं,
आणि आम्ही दोघं दुसऱ्या मजल्याकडे पळालो.