उघाडी

मोडी वाचायला डोळे नाही, धीर लागतो,
निवृत्त होताना सबनीसबाई म्हणाल्या होत्या.
ठाण्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मी रुमाल सोडते.
आत धाकोजी बिन पोसाजी, पाटील, मौजे पारसोली,
घडीवर घडी, कडा कसरीनं खाल्लेल्या.

जन्म कुठेच नाही.
पहिल्यांदा दिसतो तो भांडताना,
सख्ख्या भावाशी, बांधाच्या दीड हातासाठी.
जिंकतो.
पुढच्या कागदांत भाऊ नाही.

मग फिरंगी. त्यांना भात, मीठ, कोंबड्या,
आणि पादऱ्यापुढे मान किती वाकवायची त्याचा नेमका अंदाज.
मग एका ओहोटीच्या रात्री
पेशव्यांच्या माणसांना चिखलातली वाट दाखवणारा कोणी एक.
त्याबद्दल इनाम अकरा खंडीचं खाजण, मिठागरं दोन.
अक्षर कारकुनाचं,
खाली निशाणी नांगर.

लग्नंही दोन. धाकटीचं, कोंडाईचं, नाव
तिच्या पाटल्या गहाण पडल्या तेव्हाच आलंय.

बैठकीत त्याचा शब्द चाले.
कुळांसाठी सूट मागायचा,
मिळाली की तिच्यातला चौथा हिस्सा घरी न्यायचा.
वाईट माणूस?
न्यायालय शेजारच्या इमारतीत आहे, मी इथे फक्त याद्या करते.

मग टोपीकर. तिसरा मुजरा.
तोवर कंबर धरली असावी, अर्ज आखूड होत जातात.
शेवटच्यात इनाम नाही, मानपान नाही:
*विनंती ऐसी जे, उघाडीची फळी कुजली.
खारें पाणी आंत येतें. साग पाहिजे.
भिवा उघाडीवाला रात्रौ फळीस पाठ लावून उभा राहातो,
म्हातारा आहे, त्यास घोंगडी द्यावी.*

घोंगडी शब्दावर शाई फुटलीय.
उत्तर जोडलेलं नाही.

ऐरोलीत घरी येते. खाजण होतं ते आमचं सेक्टर.
तळातल्या पार्किंगमध्ये अमावास्येचं उधाण,
सेक्रेटरी फोनवर कुणाला तरी नगरसेवकाचं नाव सांगतोय,
आणि वॉचमन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून,
वाळूच्या पोत्यांना पाठ लावून.

तीन वर्षं झाली, मी त्याला वॉचमनच म्हणते.
नाव विचारते.
तो सांगतो, पंपाच्या घरघरीत कळत नाही.
पर्स डोक्यावर धरून
मी पाण्यात एक पायरी उतरते,
पुन्हा विचारते.