आणखी

पुंता आरेनासमध्ये वारा इतका की
चौकांत माणसांना धरायला दोर बांधतात.
म्हणून आमच्या खोलीतल्या हवामानाच्या तक्त्यावर
ऊन, ढग, पाऊस यांच्याही आधी
एक वाकलेलं झाड आहे.
बास्तियान रोज तेच लावतो.
बहुतेक दिवशी बरोबरच असतं.

सहा वर्षांचा. शब्द एकही नाही.
त्याच्यासाठी मी चित्रं कापते,
टोचू नयेत म्हणून कोपरे गोल करते,
मागे वेल्क्रोचा तुकडा चिकटवते.
नळ, साबण, टॉवेल: ही हात धुण्याची पट्टी.
आधी बूट, मग झोपाळा.
पिवळे चेहरे: रागावलेला, घाबरलेला,
आणि एक असा, की त्याचं काय बिनसलंय
ते मलाही नक्की सांगता येत नाही.
बास्तियानला चेहऱ्यांत रस नाही.
वेल्क्रो सुटतानाची चर्र मात्र
तो कानाशी धरून ऐकतो.

जूनमधली सकाळ,
नऊ वाजून गेले तरी बाहेर काळोख.
त्यानं एक कार्ड उपटलं
आणि माझ्या तळहातावर ठेवलं.
आपणहून. पहिल्यांदाच.
त्यावर लिहिलं होतं: आणखी.

आणखी काय रे?
द्राक्षं दिली. सरकवून दिली.
साबणाचे फुगे काढले, ते त्याच्या डोक्यावरून गेले.
झोपाळा, चेंडू, पाण्याची बाटली.
माझ्याकडे तेहतीस नामं होती
आणि त्याच्याकडे हा एकच शब्द,
तो परत परत माझ्या हातावर ठेवत होता,
दुकानात सुटे पैसे मोजून देणाऱ्या
म्हाताऱ्यासारखा.

शेवटी त्यानं माझं मनगट धरलं
आणि कोपऱ्यातल्या लॅमिनेशनच्या यंत्राकडे नेलं.
मी एक कोरा कागद प्लास्टिकमध्ये घालून आत सारला.
यंत्र घुमलं.
पलीकडून ऊन ऊन पान बाहेर आलं.
त्यानं ते गालाला लावलं, डोळे मिटले.
निवल्यावर पुन्हा कार्ड: आणखी.

इतके महिने मी चित्रं दाखवत होते
आणि तो बघत होता
ती कुठून येतात.

मग मी यंत्राचाच फोटो काढला,
छापला, कापला,
आणि त्याच यंत्रात घातला.
यंत्राच्या तोंडातून यंत्र!
तो हसला, आणि ओठ मिटून म्हणाला
म्म्म्.

इथल्या भाषेत ‘मास’ म्हणजे आणखी.
‘मामा’ म्हणजे आई.
आमच्या नोंदवहीत ‘अर्थ’ नावाचा रकाना असतो.
पेन उघडून मी नुसती बसले.

बाराला रोसाल्बा आली,
खेकड्यांच्या कारखान्यातून तशीच,
बोटं गारठून लाल, केसांना मिठाचा वास.
म्हटलं, ‘म’ आलाय. पहिला आवाज.
सांगताना तो हळूच तिच्याकडे सरकवला,
घ्यायचा असेल तर घेऊ दे तिला.
ती वाकली. तो म्हणाला, म्म्म्.
क्षणभर ऐकून ती हसली,
“यंत्र आहे हो, बाई.
आमचा फ्रिज रात्री असाच वाजतो,
आणि हा अंथरुणातून त्याला उत्तर देतो.”

त्याच्या गालावरचं कोमट पान काढून
तिनं आपल्या लाल बोटांत धरलं.
जरा वेळानं, माझ्याकडे न बघताच, म्हणाली,
“अजून एक घाला की.”